सासूबाईंनी बटण दाबलं

नांदुतुने हात पुढे करून "जरा तुमचा फोन द्या हो" म्हटलं तेव्हा वासुकिराने तो देऊन टाकला, आणि हातातून सुटता सुटताच त्याला कळलं की आपण घोटाळा केला. पण करणार काय? चारचौघांत बायकोने फोन मागितला आणि नवऱ्याने तो छातीशी धरून ठेवला, तर आत कुणीतरी बाई आहे असं सगळं गाव धरून चालतं. वासुकिराच्या फोनमध्ये बाई नव्हती. बारा फुटबॉल सामन्यांची एक पैज होती. नांदुतुला मात्र त्यापेक्षा बाई परवडली असती.

"आईला आपल्या खैन्झाचे फोटो दाखवते," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

नांदुतुच्या माहेरी त्या रविवारी आभाराची प्रार्थना होती. तिची आई, नाखायेन्झे बाई, गावच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि बाईंचं वाचन बंद पडलं. गेल्या महिन्यात लेकरांनी वर्गणी काढून एका डोळ्याची शस्त्रक्रिया करवली, आणि त्या दिवसापासून बाई दिसेल ते मोठ्याने वाचत सुटल्या होत्या. साबणाचा कागद, औषधाची बाटली, भिंतीवरचं जुनं निवडणुकीचं पत्रक. त्या सकाळी त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरची अक्षरंही खणखणीत आवाजात वाचली होती : "'ही खुर्ची वासुकिराकडून चोरलेली आहे.'"

वासुकिराचा धंदाच तंबू आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा. खुर्च्या परत याव्यात म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर त्याने हे वाक्य रंगवून घेतलं होतं. आजच्या कार्यक्रमाचे तंबू-खुर्च्या त्याने फुकट दिल्या होत्या, पण शस्त्रक्रियेच्या वर्गणीत मात्र त्याची बाजू लंगडी पडली होती. तेव्हा धंदा मंदीत होता. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मेहुण्यांच्या नजरेला जीभ होती.

आता जावई म्हणून त्याची जागा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, जावयांच्या तंबूत. सासूबाई समोरच्या तंबूत, मधोमध. सासू-जावयाने एका छताखाली बसायचं नाही, एकमेकांच्या हातून काही घ्यायचं नाही, बोलायचं झालंच तर मध्ये तिसरं माणूस ठेवून बोलायचं, हे तिथे पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. आणि फोन गेला होता तो नेमका सासूबाईंच्या मांडीवर.

"आता रे?" वासुकिरा शेजारी बसलेल्या गिदुदुला म्हणाला. गिदुदु म्हणजे त्याचा साडू, नांदुतुच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्बालेच्या बाजारात त्याचं केशकर्तनाचं दुकान होतं. दुकानात टीव्ही होता, म्हणून फुटबॉलमध्ये आपला शब्द शेवटचा, असं तो समजून होता.

"आता काही नाही. गप बस आणि तीस लाख मोज," गिदुदु म्हणाला.

वासुकिराने चहा-चपातीचे दोन हजार शिलिंग पैजेवर लावले होते. शुक्रवार-शनिवारात अकरा सामने एकामागून एक त्याच्या म्हणण्याप्रमाणे लागले. आपण इतके हुशार आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. राहिला होता एकच सामना, तो आत्ता चालू होता. स्पेनमधले कुठले तरी दोन संघ. त्यांची नावं त्याला उच्चारता येत नव्हती, त्यामुळे एकाला तो पिवळे म्हणायचा आणि दुसऱ्याला जांभळे. पिवळे जिंकले की तीस लाख, नाहीतर काहीच नाही. पिवळे एक गोलने पुढे होते, खेळ अर्ध्या तासाचा उरला होता. आणि पैज घेणाऱ्या कंपनीने फोनवर एक हिरवं बटण लावलं होतं : सामना संपायची वाट बघू नका, आत्ताच एकोणीस लाख घ्या आणि मोकळे व्हा.

ते बटण दाबावं की नाही, यावर दोघा साडूंची सामना सुरू झाल्यापासून कुजबुज चालली होती.

"मी घेतले असते रे," वासुकिरा म्हणाला. "एकोणीस लाख म्हणजे नवा पांढरा तंबू. झालरवाला."

"वेडा आहेस का? अरे, गोलने पुढे असलेला संघ चारातून तीनदा जिंकतो. तीस लाखांच्या चार हिश्श्यांतले तीन किती? साडेबावीस. साडेबावीसचा माल ते एकोणीसला मागतायत. तुझ्या दारात कधी असा व्यापारी आला, जो तुझी गाय तिच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन नेतो?"

"नाही."

"मग? तो धावत आला म्हणजे समजायचं, गाय गाभण आहे."

हिशेब वासुकिराला पटत होता. पण डोळ्यांसमोरून झालर हलत नव्हती.

तेवढ्यात आपल्या फोनवर सामन्याचा हाल बघत असलेल्या गिदुदुने तोंडातल्या तोंडात शिवी घातली.

"काय झालं?"

"काही नाही. पिवळ्यांचा एक गडी बाहेर काढला. लाल कार्ड."

"म्हणजे?"

"म्हणजे आता दहा जण."

वासुकिरा उठला. "मी फोन आणतो."

"सासूच्या मांडीवरून?"

वासुकिरा पुन्हा बसला. मग पुन्हा उठला आणि मोठा वळसा घालून, केळीच्या मागून, चुलींकडे गेला. नांदुतु तिथे मोठ्या पातेल्यातलं शेंगदाण्याचं कालवण ढवळत होती.

"फोन दे ना गं आणून."

"आई फोटो बघतेय. चार वर्षांनी नातीचं तोंड बघतेय ती, खैन्झाचे बाबा! तुम्हाला आत्ताच हवाय?"

"बघू दे, बघू दे. पण मला एक फोन यायचाय. तंबूचं काम आहे."

"रविवारचं कोण लग्न ठरवतं?"

"लग्न नाही," वासुकिरा म्हणाला, आणि पाय घसरला की माणूस हाताला लागेल ते धरतो तसं त्याने धरलं, "मयत."

"अगं आई! कोण गेलं?"

इतका पुढचा विचार त्याने केला नव्हता. "ते... आपले... वरच्या टेकडीवरचे म्हातारे."

"वाकूबा आजोबा?" नांदुतुच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

त्याच वेळी तिकडून गिदुदु दोन्ही हात हलवून काहीतरी खुणावत होता. गोल झाला की वाचला, हे कळायला मार्ग नव्हता. वासुकिराने त्याच्याकडे बघत "काय?" अशी मान हलवली. नांदुतुला तो होकार वाटला. अशा रीतीने वाकूबा आजोबा वारले.

ती धावली, पण फोनकडे नाही. धावली ती भावाकडे. मुगोया हा तिचा थोरला भाऊ, आजचा सूत्रसंचालक. त्याच्या हातात माईक होता, आणि ज्याच्या हातात माईक असतो त्याच्या पोटात बातमी टिकत नाही.

"बंधूंनो आणि भगिनींनो," मुगोयाचा आवाज सगळ्या उतारावर घुमला, "आनंदाच्या घटकेला एक दुःखद वार्ता. आपले लाडके वाकूबा आजोबा आपल्याला सोडून गेले. सगळ्यांनी उभं राहून एक मिनिट शांत राहू या."

सगळे उभे राहिले. तिसऱ्या रांगेत, ध्वनिक्षेपकाच्या अगदी खाली, वाकूबा आजोबाही उभे राहिले. त्यांना कमी ऐकू येत असे. शेजारचे उठले म्हणून तेही काठी टेकून उठले, हॅट काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. शेजारच्या माणसाने डोळे गच्च मिटले होते, नाहीतर त्याची शुद्धच हरपली असती. पाद्रीबाबांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं, मिटला, पुन्हा उघडला, आणि नक्की कोणती प्रार्थना म्हणावी या विचारात पडले.

वासुकिरा जावयांच्या तंबूत परतला.

"कुणी मेलं का?" गिदुदु कुजबुजला.

"मी," वासुकिरा म्हणाला.

एवढ्या माणसांत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अशा त्या शांततेत नाखायेन्झे बाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. टिंग!

बाई तेवढ्या बसून होत्या. प्रार्थनेनंतर त्यांनीच चार शब्द बोलायचे म्हणून मुगोयाने दुसरा माईक त्यांच्यासमोर दांडीला लावून ठेवला होता. बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. आणि वर्गाला शुद्धलेखन घालावं तशा स्पष्ट, संथ आवाजात त्या वाचू लागल्या.

"'आत्ताच पैसे घ्या.'"

मिटलेले डोळे उघडू लागले.

"'अकरा लाख, चाळीस हजार शिलिंग.'" थोडं थांबून, मागच्या बाकावरच्या मुलांसाठी पुन्हा एकदा : "अकरा लाख, चाळीस हजार. 'स्वीकारायचे असल्यास येथे दाबा.'"

"किती?" वाकूबा आजोबांना हे मात्र ऐकू आलं. "अकरा लाख? जो मेला त्याने ठेवलेत का?"

त्यांच्या शेजाऱ्याने एक किंकाळी फोडली आणि खुर्चीसकट मागे कलंडला. पण तिकडे बघायला वासुकिराला सवड नव्हती. तो ताडकन उभा राहिला होता.

"नको म्हण!" गिदुदु खालून त्याचा सदरा ओढत होता. "दहा जण असले तरी पंधरा लाखांचा माल आहे! हे लुटतायत तुला! नको म्हण!"

"दाजी, काही सांगायचंय का?" मुगोयाने माईकवरून विचारलं. सगळ्या माना वासुकिराकडे वळल्या.

सांगायचं तर होतं. पण थेट सासूबाईंना हाक मारायची म्हणजे अधर्म. "मुगोया, आईंना सांग..." त्याने सुरुवात केली.

"काय सांगू?"

"सांग, की..."

दाबू नका म्हणावं, की दाबा म्हणावं? एकोणीसचे अकरा झाले होते, अकराचे आणखी काय होतील कुणास ठाऊक. वासुकिराचं तोंड उघडं राहिलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या तंबूत बाईंनी तर्जनी उचलली, फळ्यावरच्या चुकलेल्या शब्दावर ठेवावी तशी नेमकी पडद्यावर ठेवली, आणि दाबली.

"'अभिनंदन,'" त्यांनी वाचलं. "'आपली रक्कम जमा झाली आहे.' हा फोन कुणाचा आहे, नांदुतु?"

"यांचा, आई," चुलीकडून आलेली नांदुतु म्हणाली. तिचाही चेहरा गोंधळलेला होता.

"जावयांचा?" बाईंनी माईक जवळ ओढला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "ऐका सगळ्यांनी. एका डोळ्याचं लेकरांनी केलं. दुसऱ्या डोळ्याचं मी कुणाकडे मागितलं नव्हतं. किती वेळा मागायचं? आज वासुकिरा जावयांनी न मागता दिलं. आणि कसं दिलं, बघा. जवळ आले नाहीत, हातात हात दिला नाही, रिवाज मोडला नाही. बायकोच्या हाती फोन पाठवला आणि स्वतः लांब उभे राहिले."

बायकांनी जिभा नाचवून असा काही आनंदाचा गजर केला की केळीवरचे पक्षी उडाले. मेहुणे टाळ्या वाजवत होते. एका मेहुण्याने तर, म्हणजे ज्याची नजर सगळ्यांत बोलकी होती त्याने, अंगण ओलांडून येऊन वासुकिराला मिठी मारली.

राहता राहिला प्रश्न मयताचा. पाद्रीबाबांनी वाकूबा आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून ते जिवंत असल्याचं जाहीर केलं, आणि सगळे पुन्हा वासुकिराकडे बघू लागले. पण माईक मुगोयाकडे होता.

"आता आलं लक्षात!" तो ओरडला. "दाजींची युक्ती! आईच्या मांडीवरचा फोन वाजताना सगळं शांत हवं होतं त्यांना. एरवी या गर्दीत कुणाला ऐकू आलं असतं?"

लोकांना ते इतकं पटलं की वासुकिरालाही क्षणभर पटलं. वाकूबा आजोबांना सगळी हकिकत कानात ओरडून सांगण्यात आली. ते रागावतील म्हणून वासुकिरा अंग चोरून उभा होता. पण आजोबांनी मागे वळून सगळ्या रांगा नजरेने मोजल्या आणि त्याचा हात धरला.

"सगळे उभे राहिले होते?" त्यांनी विचारलं.

"सगळे, आजोबा."

"तो माझा चुलत भाऊसुद्धा?"

"तोसुद्धा."

"देव तुझं भलं करो," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "माणसाला हे बघायला मिळत नाही रे."

जेवणाची पानं वाढली गेली तेव्हा वासुकिरा खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. ना तंबू, ना झालर. गिदुदु फोन मांडीखाली दाबून मटोक्याचे, म्हणजे उकडून कुस्करलेल्या केळ्यांचे, गोळे एकामागून एक गिळत होता.

"सामन्याचं काय झालं?" वासुकिराने विचारलं.

"जेव तू."

"गिदुदु. दाखव."

गिदुदुने नाइलाजाने फोन काढला. बाईंचं बोट उठल्यावर थोड्याच वेळात जांभळ्यांनी बरोबरी केली होती. आणि अगदी शेवटी, शिट्टी वाजायच्या बेतात, दुसरा गोल घातला होता. पिवळे हरले होते. वासुकिराची पैज, ते तीस लाख, सगळं धुळीला मिळालं असतं.

"तरी भाव चुकीचाच होता," गिदुदु पुटपुटला. "निकाल काही लागो. भाव तो भाव."

वासुकिराने अंगणापलीकडे बघितलं. नाखायेन्झे बाई सोड्याची बाटली उन्हात धरून तिच्यावरचा कागद नातवंडांना वाचून दाखवत होत्या, आणि नातवंडं खिदळत होती. अकरा लाख चाळीस हजार हातचे गेले होते, तरी त्याला रडू येत नव्हतं. उलट छातीत काहीतरी ऊबदार पसरत होतं. त्या बोटाने दाबलं नसतं तर आज त्याच्यापाशी काही नसतं, आणि बाईंपाशीही. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने सगळी रक्कम बाईंच्या नंबरावर पाठवली. पैसे काढायचं शुल्कही वर घातलं.

त्यानंतरचे दिवस मात्र अवघड गेले. नांदुतु त्याला कोंबडीतला मानाचा तुकडा वाढू लागली. रस्त्यात बायका थांबून नमस्कार करू लागल्या. लग्नघरं दुसऱ्या तंबूवाल्यांना सोडून त्याच्याकडे येऊ लागली, कारण "सासूला डोळा देणारा माणूस भाड्यात फसवणार नाही". वासुकिराला प्रत्येक घास गिळताना वाटायचं, हे माझं नाही.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा नवरा-बायको बाईंना भेटायला गेले. बाई आंब्याखाली पाठ करून बसल्या. वासुकिरा कॉफीच्या झुडपांपलीकडे, तोही पाठ करून. मध्ये नांदुतु, निरोप पोचवायला.

"आईंना सांग," वासुकिरा म्हणाला, "ते पैसे मी दिले नव्हते."

"आई, ते म्हणतात..." नांदुतु थांबली आणि नवऱ्याकडे वळली. "म्हणजे?"

"तू नुसतं सांग. ते पैजेचे पैसे होते. बारा सामन्यांच्या. बटण आईंनीच दाबलं. मी तर हो म्हणू की नको, यातच अडकलो होतो."

नांदुतुने शब्दन्‌शब्द पोचवला, पण तिचा आवाज शब्दागणिक चढत गेला. "पैजेचे" तिने असं म्हटलं की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आंब्याखालून उत्तर आलं, "त्यांना सांग, मला माहीत होतं."

"आईला माहीत होतं! मला मात्र..."

"गप गं. सांग त्यांना. मिनिटभर शांतता होती. मिटून बसायला का मी डोळे करून घेतले होते? सगळी पैज वाचून काढली मी. तीस लाख मिळायचे, पण एक गडी बाहेर, म्हणजे आशा निम्मी. निम्मे किती? पंधरा लाख. त्यांनी दिले अकरा चाळीस. भाव खोटा होता. माझ्या वर्गातल्या पोराने असं उत्तर काढलं असतं तर मी कान पिळला असता."

वासुकिरा रिवाज विसरला. "मग दाबलंत कशाला?"

"आई, ते विचारतात..."

"ऐकू आलं मला. त्यांना सांग, डॉक्टरांनी डोळ्याचे अकरा लाख सांगितले होते. तीस लाख आले तर डोळा दोनदा होत नाही. आणि काहीच आलं नाही तर एकदाही होत नाही."



"आईंना सांग," वासुकिरा म्हणाला, "मी त्यांचा फार आभारी आहे."

"आणि त्यांना सांग, मीही. त्यांचं तोंड उघडलेलं मी बघितलं होतं. एका डोळ्याने, पण बघितलं. तरी नंतर त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. ते मात्र त्यांनीच दिलं."

नांदुतु कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली. तिने एक लांब श्वास घेतला.

"आई म्हणते, पुन्हा पैज लावलीत तर तुमच्या त्या खुर्च्यांबरोबर बाहेर झोपायचं."

"मी असं कुठं म्हटलं?" आंब्याखालून आवाज आला.

"आई म्हणते, तिने तसंच म्हटलं."

बाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना पदराने दोन्ही डोळे पुसावे लागले.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "सांग त्यांना, म्हटलं."